हुबळी चेंबरची शताब्दी आणि वर्गणीचा प्रश्न

व्यापारी संघटनेचा आवाज किती स्वतंत्र आहे, हे तिच्या ठरावांपेक्षा तिच्या जमाखर्चात अधिक स्पष्ट दिसते

हुबळीच्या ‘कर्नाटक चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री’ या संस्थेची स्थापना १९२८ सालची. हुबळी-धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. कापसाची बाजारपेठ आणि रेल्वे हे या शहराच्या भरभराटीचे दोन आधार होते. म्हैसूर संस्थानात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये व्यापाऱ्यांची संस्था उभी राहिली होती. तीच आज बंगळुरूत राज्य पातळीवरील महासंघ म्हणून ओळखली जाते. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात त्याही आधी, १९०८ मध्ये, व्यापारी संघटनेचा पाया घातला गेला होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, राजधानी बदलली, दरबार बदलला. हुबळीची संस्था मात्र टिकून राहिली. २०२८ मध्ये ती शंभर वर्षांची होईल.

शताब्दी म्हटली की स्मरणिका, सोहळा आणि नवी वास्तू यांची चर्चा ओघानेच येते. परंतु शताब्दीच्या निमित्ताने विचारावा असा खरा प्रश्न अधिक रुक्ष आहे. ना-नफा तत्त्वावर चालणारी व्यापारी संघटना आपला नित्याचा खर्च कोणाच्या पैशांवर भागवते? सभासदांच्या वर्गणीवर, भाड्यावर, प्रदर्शनांच्या प्रायोजकांवर की सरकारी योजनांवर? या प्रश्नाच्या उत्तरात संस्थेची आर्थिक प्रकृती तर कळतेच, शिवाय ती उद्या कोणाच्या विरोधात बोलू शकेल आणि कोणाच्या विरोधात गप्प बसेल, हेही कळते.

गोव्याचा संबंध

हुबळीतील संस्थेच्या जमाखर्चाशी गोव्याला काय देणेघेणे, असे कोणी विचारील. मुरगाव बंदराला घाटावर नेणारा लोहमार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला, तेव्हापासून हुबळी हा गोव्याचा पाठीमागचा प्रदेश आहे. आज ते दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे आणि मुरगाव बंदराकडे येणारा रेल्वेमार्ग त्याच विभागाच्या अखत्यारीत येतो. या मार्गाच्या कॅसलरॉक-कुळे टप्प्याच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द ठरवली. म्हादई जलतंट्यात लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातील मलप्रभेकडे वळवायचे ३.९ टीएमसी पाणी प्रामुख्याने हुबळी-धारवाड परिसराच्या पिण्याच्या गरजेसाठी मागितले गेले होते.

हे दोन्ही वाद न्यायालयात आणि मंत्रालयात लढले गेले. दोन्ही बाजूंच्या व्यापाऱ्यांना त्यांची झळ बसते, पण एकमेकांसमोर बसून आकडेवारीच्या आधारे बोलणारी व्यापारी संस्था मध्ये उभी राहिलेली दिसत नाही. अशी संस्था उभी राहायची तर तिच्याकडे अभ्यासकांचा पगार द्यायला पैसे हवेत, आणि ते अशा स्रोतातून यायला हवेत की राज्य सरकारच्या भूमिकेपेक्षा वेगळे मत मांडल्यावर ते आटणार नाहीत.

चार झरे, चार धोके

देशातील बहुतेक स्थानिक चेंबरांचे उत्पन्न चार मार्गांनी येते. पहिला मार्ग वर्गणीचा, म्हणजे वार्षिक आणि आजीव सभासदत्वाचा. दुसरा मालमत्तेचा: सभागृह, गाळे आणि मुदत ठेवींवरील व्याज. तिसरा प्रदर्शने, मेळावे, पुरस्कार सोहळे आणि त्यांचे प्रायोजक यांचा. चौथा सेवांचा: निर्यातीसाठी लागणारे मूळ उत्पत्तीचे दाखले, प्रशिक्षणवर्ग, तसेच सरकारच्या योजनांसाठी राबवलेले उपक्रम.

यांतील प्रत्येक झऱ्याचा आपला धोका आहे. मालमत्ता असलेल्या संस्थेला सभासदांची गरज हळूहळू वाटेनाशी होते. भाडे येत राहते, वीजबिल भरले जाते, वार्षिक सभेला गणपूर्ती होण्यापुरती माणसे जमतात आणि संस्था सुस्थितीत आहे असा समज होतो. प्रदर्शनांचे उत्पन्न दिसायला मोठे, पण बेभरवशाचे. कर्नाटक सरकारची ‘इन्व्हेस्ट कर्नाटक’ गुंतवणूकदार परिषद हुबळीत १४ फेब्रुवारी २०२० रोजी भरली. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत देशभर टाळेबंदी लागू झाली. मेळावे, सभागृहांची आरक्षणे आणि प्रायोजकत्व यांवर विसंबलेल्या सर्वच संस्थांचा हा झरा त्या वर्षी एका रात्रीत आटला. दाखल्यांच्या कामातही स्थित्यंतर झाले आहे. विदेश व्यापार महासंचालनालयाने ही प्रक्रिया सामाईक संगणकीय मंचावर नेल्यामुळे, पूर्वी निर्यातदाराला चेंबरच्या कार्यालयाची पायरी चढावी लागत असे, ती आता चढावी लागत नाही. चौथ्या झऱ्यातील सरकारी योजनांचा पैसा तर सर्वांत नाजूक. तो देणाऱ्या खात्यावर टीका करताना लेखणी जड होते.

उरते ती वर्गणी. रकमेने ती बहुधा सर्वांत लहान असते. तरीही संस्थेचे आरोग्य मोजायचे तर सुरुवात तिच्यापासूनच करावी लागते, कारण सभासद ती दरवर्षी स्वेच्छेने भरतो. नूतनीकरण हे संस्थेच्या उपयुक्ततेवर दरवर्षी होणारे मतदान असते.

आजीव सभासदत्वाचा सापळा

जुन्या संस्थांच्या आर्थिक दुखण्याचे मूळ अनेकदा आजीव सभासदत्वात सापडते. एखाद्या वर्षी इमारतीला किंवा दुरुस्तीला पैसा कमी पडला की आजीव सभासदांची मोहीम निघते. एकरकमी पैसा हाती येतो आणि वर्ष निभावते. पण त्या सभासदाकडून पुढे कधीच वर्गणी येत नाही. सेवा मात्र त्याला आयुष्यभर द्यावी लागते.

उदाहरणादाखल साधे गणित करता येईल. वार्षिक वर्गणी २,००० रुपये आणि आजीव वर्गणी १०,००० रुपये आहे असे धरू. दहा हजारांची ती रक्कम सात टक्क्यांनी ठेवीत गुंतवली तर वर्षाला ७०० रुपये येतात, म्हणजे वार्षिक वर्गणीच्या जेमतेम एक तृतीयांश. दोन हजार रुपये कायम मिळत राहावेत यासाठी ठेव साधारण २८,६०० रुपयांची हवी. त्यातही महागाई वजा केलेली नाही. दरसाल पाच टक्के महागाई धरली तर वीस वर्षांनी दहा हजारांची क्रयशक्ती आजच्या ३,८०० रुपयांच्या आतच राहते. ही रक्कम ठेवीत न ठेवता चालू खर्चात वापरली असेल तर तेवढेही हाती उरत नाही.

म्हणून ताळेबंदात आजीव वर्गणी कोठे दाखवली आहे, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. ती कायम निधीत जमा असेल आणि त्या निधीइतक्या ठेवी दुसऱ्या बाजूला दिसत असतील, तर संस्थेने शिस्त पाळली आहे. ती वर्षाच्या उत्पन्नात मिसळली असेल, तर त्या वर्षीची शिल्लक ही प्रत्यक्षात पुढच्या पिढीकडून घेतलेली उसनवारी आहे.

कर कायद्याची अरुंद वाट

व्यापारी संघटना नफा वाटून घेत नाही म्हणून तिला कर लागत नाही, हा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती गुंतागुंतीची आहे. व्यापार-उद्योगाला चालना देणे हा सार्वजनिक उपयुक्ततेचा हेतू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने आंध्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या खटल्यात पूर्वीच मान्य केले. त्या निकालाने चेंबरांना मोठा दिलासा मिळाला. मात्र २००८ च्या वित्त कायद्याने या वर्गातील संस्थांच्या व्यापारी स्वरूपाच्या कामांवर बंधन आणले आणि पुढे ती मर्यादा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर स्थिर झाली. अहमदाबाद नगरविकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९ ऑक्टोबर २०२२ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट अधिक काटेकोर केली. सेवेचे शुल्क खर्चाइतके किंवा त्याहून नाममात्र अधिक असेल तर हरकत नाही. ते खर्चाच्या मानाने बरेच जास्त असेल तर ती कामे व्यापारी ठरतात आणि त्यांची जमा २० टक्क्यांच्या आत राहावी लागते.

याचा व्यावहारिक अर्थ असा. एखाद्या चेंबरची वर्षाची एकूण जमा एक कोटी रुपये असेल आणि भरघोस नफ्यात चाललेल्या प्रदर्शनातून ३५ लाख रुपये जमले असतील, तर त्या वर्षाची करसवलत धोक्यात येते. प्रदर्शन जितके यशस्वी, तितका धोका मोठा. वर्गणीचा वाटा वाढवणे हाच यावरील सरळ उपाय, कारण वर्गणी वाढली की एकूण जमा वाढते आणि प्रदर्शनाचे प्रमाण आपोआप घटते.

करसवलतीची नोंदणी नसलेल्या संघटना परस्परतेच्या तत्त्वाचा आधार घेतात. सभासदांनीच दिलेला आणि सभासदांवरच खर्च झालेला पैसा हे उत्पन्न नव्हे, असे ते तत्त्व. त्याची मर्यादा कर्नाटकातूनच गेलेल्या एका खटल्यात स्पष्ट झाली. बँगलोर क्लबच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, सभासद असलेल्या बँकांत ठेवलेल्या ठेवींवरील व्याजाला हे तत्त्व लागू होत नाही. ज्या संघटनांची भिस्त ठेवींच्या व्याजावर आहे, त्यांनी हा निकाल विसरता कामा नये.

वस्तू व सेवा कराने आणखी एक पेच आणला. २०२१ च्या वित्त कायद्याने संघटना आणि तिचे सभासद यांच्यातील व्यवहार १ जुलै २०१७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने करपात्र ठरवले. केरळ उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरवल्याने प्रश्न पुन्हा खुला झाला आहे. तोवर २० लाखांच्या वर उलाढाल असलेल्या संघटनेचा दोन हजारांची वर्गणी भरणारा सभासद १८ टक्के करासह २,३६० रुपये मोजतो. मोठ्या कारखान्याला या कराची वजावट मिळू शकते; कराच्या जाळ्याबाहेरच्या लहान दुकानदाराला तो पूर्ण भार सोसावा लागतो. जो सभासद सर्वांत आधी गळतो, त्याच्यावरच हा बोजा सर्वांत जड पडतो.

लहान व्यापारी का भरील वर्गणी?

हुबळी-धारवाडच्या अर्थकारणाचा चेहरा गेल्या दोन दशकांत पालटला. अमरगोळची कृषी उत्पन्न बाजार समिती, कापूस आणि मिरचीचा व्यापार, रेल्वे कार्यशाळा, व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने ही जुनी ओळख. धारवाडच्या बाजूला प्रवासी बसगाड्यांची निर्मिती, आयआयटी, नवउद्योगांना पाठबळ देणारी केंद्रे आणि नवे औद्योगिक समूह ही नवी. जुन्या पेठेतील अडत्या आणि नव्या वसाहतीतील अभियंता-उद्योजक यांच्या गरजा एक नाहीत. लघुउद्योजकांची संघटना वेगळी, औद्योगिक वसाहतींच्या संघटना वेगळ्या, राष्ट्रीय पातळीवरील महासंघांच्या शाखा वेगळ्या. एकाच उद्योजकाकडे तीन-चार ठिकाणची वर्गणी मागितली जाते आणि तो स्वाभाविकपणे विचारतो की, बदल्यात काय मिळते.

एके काळी उत्तर सोपे होते. विक्रीकराचे परिपत्रक, रेल्वेच्या वाघिणीचे दर, सरकारी दरबारातील ओळख हे सारे चेंबरमधून मिळे. आज परिपत्रक निघाल्याच्या क्षणी मोबाइलवर येते आणि विवरणपत्राचे काम कर सल्लागार करतो. माहितीचा दलाल म्हणून चेंबरची गरज संपली आहे.

सामूहिक बळाची गरज मात्र संपलेली नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात हे प्रकर्षाने दिसले. यूपीआय व्यवहारांच्या आकड्यांवरून व्यापारी कर खात्याने राज्यभरातील लहान दुकानदारांना, बेकरी आणि चहावाल्यांना थकीत कराच्या नोटिसा पाठवल्या. काही विक्रेत्यांचा माल मुळात करमुक्त होता. दुकानांवरचे क्यूआर फलक उतरले, बंदची हाक दिली गेली आणि अखेर मुख्यमंत्र्यांना थकबाकीची वसुली न करण्याचे आश्वासन द्यावे लागले. नोटिसा आलेल्यांपैकी कितीतरी जण कोणत्याच चेंबरचे सभासद नसणार, कारण त्यांना परवडेल अशी वर्गणीची पायरीच बहुतेक ठिकाणी नसते. दूध विकणाऱ्याची नोटीस वाचून देणारा, करमुक्त मालाचा हिशेब मांडून उत्तर लिहून देणारा कक्ष ज्या चेंबरमध्ये असेल, त्याच्या वर्गणीवर कोणी कुरकुर करणार नाही.

वर्गणीचा दर उलाढालीनुसार पायऱ्यांनी ठरवणे हा त्यावरचा मार्ग. मोठ्याने अधिक द्यावे, लहानाने नाममात्र द्यावे, मत मात्र दोघांचे एकच असावे. मोठ्या देणगीदाराला कार्यकारिणीत राखीव जागा देण्याची प्रथा जिथे रुजते, तिथे वर्गणीची पायरी कितीही खाली आणली तरी लहान व्यापारी आत येत नाही.

बाहेरचे दोन धडे

जर्मनीत चेंबरचे सभासदत्व कायद्याने सक्तीचे आहे. १९५६ च्या कायद्यानुसार प्रत्येक उद्योगाला आपल्या विभागाच्या चेंबरला वर्गणी द्यावी लागते. ती नफ्याच्या प्रमाणात असते आणि अगदी लहानांना माफ असते. तेथील घटना न्यायालयाने २०१७ मध्ये ही सक्ती वैध ठरवली. तथापि, २०२० मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने दोन चेंबरांना बजावले की सभासदांकडून घेतलेल्या पैशांतून गरजेपेक्षा अधिक गंगाजळी साठवणे बेकायदा आहे. गंगाजळी हे आरोग्याचे लक्षण असले तरी तिच्या आकाराचे कारण सांगता आले पाहिजे, हा त्यातील धडा.

ब्रिटनमध्ये सभासदत्व ऐच्छिक आहे, आपल्यासारखेच. तेथील उद्योगांचा महासंघ असलेल्या सीबीआयवर २०२३ मध्ये अंतर्गत गैरवर्तनाच्या आरोपांमुळे अरिष्ट ओढवले. बड्या कंपन्यांनी सभासदत्व सोडले, संस्थेला काही काळ कामकाज थांबवावे लागले आणि कर्मचारी कमी करावे लागले. सरकारशी बरोबरीने बोलणारी संस्था काही आठवड्यांत डळमळली, कारण तिचा पाया मोठ्या वर्गणीदारांवर होता आणि त्यांचा विश्वास एकाच वेळी उडाला. मूठभर मोठ्या वर्गणीदारांपेक्षा हजारो लहान वर्गणीदार अधिक भक्कम, हा दुसरा धडा.

ताळेबंद हाती घेताना

वार्षिक सभेत अहवाल हाती पडला की बहुतेक सभासद शेवटच्या ओळीतील शिल्लक पाहतात. ती ओळ सर्वांत कमी बोलते. सभासदाने पाहाव्यात अशा गोष्टी वेगळ्या आहेत. एकूण वर्गणीपैकी प्रत्यक्ष वसूल किती आणि थकबाकी किती वर्षांची आहे? पगार, वीज, देखभाल या नित्याच्या खर्चातील किती वाटा केवळ वार्षिक वर्गणीतून भागतो? उत्पन्नाचे इतर सर्व मार्ग बंद पडले तर राखीव निधीवर संस्था किती महिने चालेल? सहा महिने हे किमान मानायला हवे. विशिष्ट हेतूने दिलेल्या देणग्या वेगळ्या खात्यात आहेत की चालू खर्चात मुरल्या? गाळे आणि सभागृह कोणाला, कोणत्या दराने दिले आहेत, आणि त्यांत पदाधिकाऱ्यांचे हितसंबंध आहेत का? करविषयक वादाची रक्कम टिपणांच्या बारीक अक्षरांत दडलेली नाही ना?

कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखाली नोंदलेल्या ना-नफा संस्थेला सभासदांत लाभांश वाटता येत नाही आणि तिचे लेखापरीक्षित हिशेब कंपनी निबंधकांकडे दाखल करावे लागतात. शुल्क भरून ते कोणालाही पाहता येतात. सोसायटी कायद्याखालील संस्थांबाबत अशी सहज वाट नाही. म्हणून नोंदणी कोणत्याही कायद्याखाली असो, हिशेब स्वतःहून प्रसिद्ध करण्याचा नियम संस्थेनेच आपल्यासाठी केला पाहिजे. हुबळीच्या पेठेतल्या व्यापाऱ्यासाठी तो इंग्रजी टिपणांत अडकून न राहता कन्नडमध्ये यायला हवा. अहवाल वाचताच येत नसेल तर त्याला मंजुरी देण्याच्या अधिकाराला अर्थ राहत नाही.

वास्तू की निधी

शताब्दीला अजून अवधी आहे आणि याच काळात पुढील पंचवीस वर्षांची दिशा ठरेल. शताब्दीसाठी देणग्या मागणे सोपे असते. तसे भावनिक निमित्त पुन्हा येत नाही. त्या देणग्यांतून केवळ नवे भवन उभे राहिले तर संस्थेच्या माथी देखभालीचा आणि घसाऱ्याचा कायमचा खर्च बसेल. त्याऐवजी त्या रकमेचा मोठा हिस्सा कायम निधीत गेला, त्याच्या व्याजातून दोन-तीन अभ्यासक आणि लहान व्यापाऱ्यांसाठी एक सहायता कक्ष चालला, आणि नित्याच्या खर्चाचा निम्मा भार वार्षिक वर्गणीने उचलावा असे उद्दिष्ट ठरले, तर १९२८ च्या व्यापाऱ्यांनी लावलेल्या रोपाला दुसरे शतक पाहता येईल.

हेच प्रश्न घाटाखालीही लागू आहेत. गोव्यातील व्यापारी संघटना हुबळीच्या संस्थेहून वयाने मोठी आहे. खाणबंदी असो वा पर्यटनातील चढउतार, तिच्याकडून अपेक्षाही तितक्याच मोठ्या राहिल्या. पाणी आणि रेल्वेमार्ग यांवरून दोन राज्यांत मतभेद राहतीलच. ते घोषणांऐवजी आकड्यांनी मांडले जावेत असे वाटत असेल, तर दोन्ही बाजूंच्या सभासदांनी येत्या वार्षिक सभेत टाळ्यांच्या आधी हिशेबाची पाने उलटावीत, आणि आपली थकलेली वर्गणी त्याच दिवशी भरून टाकावी.